पार्श्वभूमी : स्वतःच्या अंत्यविधीची आखणी आणि पुरोहिताची जागा

आपल्या अंत्यविधीची आखणी हयातीतच करून ठेवावी आणि तो पुरोहिताऐवजी आपले आयुष्य समजून घेतलेल्या सेलिब्रंटने, म्हणजे धर्माशी न बांधलेल्या विधी-संचालकाने चालवावा, हा विचार सोलापुरात नवा वाटतो. त्याचा आजचा साचा बराचसा ऑस्ट्रेलियातला आहे. तेथे १९७३ मध्ये सरकारने धर्मनिरपेक्ष विवाहांसाठी सेलिब्रंट नेमण्यास सुरुवात केली आणि पुढे त्यांच्यापैकी काहींनी अंत्यविधीही हाती घेतले.

महाराष्ट्रात पुरोहिताविना विधींची चळवळ, म्हणजे सत्यशोधक समाज, त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी पुण्यात उभी राहिली. विधी दुसऱ्याकडून करून घेतला तरी वतनदार जोशाला दक्षिणेचा हक्क कोर्टात मागता येत असे, असा तो काळ होता. मात्र खरी कसोटी लागली ती १८९० मध्ये. त्या चळवळीचे प्रणेते महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्याला दहन न करता मिठात पुरावे, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. वस्तीत दफन करता येणार नाही, या कारणावरून नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि दहन करावे लागले. आरोग्याच्या दृष्टीने ते कारण समजण्यासारखे आहे. परंतु इतक्या स्पष्टपणे लिहिलेली इच्छा मोडावी लागली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. त्याच वेळी दत्तक मुलाच्या हक्कावरून नातेवाइकांनी वाद काढला, तेव्हा पत्नी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे (अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके) धरले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. लेखी इच्छा हरली आणि जिवंत माणसाच्या निर्धाराने विधी पार पडला, हे आजच्या आखणीतही लक्षात ठेवावे लागते.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध वस्त्यांमध्ये बौद्धाचार्यांची प्रथा रुजली. हे प्रशिक्षित गृहस्थ विवाहापासून अंत्यसंस्कारापर्यंतचे विधी चालवतात, त्रिसरण-पंचशील देतात, आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नातेवाईक व स्नेही एकेक करून मृत व्यक्तीविषयी बोलतात. सेलिब्रंटच्या कामाशी याहून जवळचे उदाहरण आपल्याकडे सापडणार नाही. सोलापुरात शेजारच्याच गल्लीत लिंगायत कुटुंब विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसलेल्या स्थितीत समाधी देते आणि तो विधी जंगम चालवतात. त्यामुळे अंत्यविधी एकाच ठरावीक पद्धतीचा असतो, असे या शहराने कधी मानलेले नाही.

१९६३ मध्ये शहरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे देहदानाचा पर्याय गावातच उपलब्ध झाला. त्यासाठीचा कायदा १९४९ चा आहे. फॉर्मवर सही असली तरी मृत्यूनंतर देह महाविद्यालयापर्यंत पोहोचवण्याचे काम शेवटी घरच्यांकडेच येते. २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती, आणि कोण बोलणार, कोण अग्नी देणार, हे प्रश्न अनेक घरांना ऐनवेळी सोडवावे लागले. आज जे आखणी करू पाहतात, त्यांच्या कागदावर हेच मुद्दे असतात : अग्नी मुलीने द्यावा का, अभंग म्हणावेत की काहीच नको, रक्षा चंद्रभागेत सोडावी की शेतातल्या झाडाच्या मुळाशी घालावी. त्या कागदाला मृत्युपत्राइतकेही बळ नसते, म्हणून तो मुलांना, सुनांना आणि भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला समोर बसवून वाचून दाखवावा लागतो.