विमानावरची 'व्हीटी' व्हाइसरॉयची नव्हे

गोव्यात दाबोळी किंवा मोपा विमानतळावर विमान दिसलं की कुणीतरी सांगतंच: शेपटीकडची 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', गुलामीची खूण. हे साफ खोटं आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत देशांना रेडिओवरच्या ओळखीसाठी अक्षरगट वाटून दिले गेले; भारताच्या वाट्याला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड आला. त्यातलीच ही पहिली दोन अक्षरं, ती कशाचंही लघुरूप नाहीत. पोर्तुगीज अमलात तर गोव्यातल्या विमानांवर 'सीआर-आय' असायचं.

मुख्य दाराजवळच्या अग्निरोधक धातूच्या पट्टीवरही हीच अक्षरं कोरलेली असतात. पण ती नुसती नोंदणी सांगतात. विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र वेगळं, आणि त्याचा आढावा दरवर्षी घ्यावा लागतो. विचारायचंच तर त्याबद्दल विचारा.