श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आणि न सरणारा थकवा: ‘३० श्वास, दोनदा’ हा नियम आला कुठून?

कोविडनंतर गोव्यातल्या कितीतरी घरांत तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र पडून आहे. थकवा महिनोन्‌महिने सरत नाही म्हटल्यावर तेच पुन्हा बाहेर निघते. पण ते यंत्र खोल श्वास घेण्याची सवय लागावी म्हणून आहे. चेंडू बहुधा सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलीलिटर वेगाला उचलले जातात. स्नायूंवर ओझे जवळपास नसतेच. ताकद वाढवणारा व्यायाम निराळा.

१९६९ साली ब्लॅक आणि हायट या संशोधकांनी तोंडाशी दाब मोजून श्वास ओढण्याची कमाल ताकद ठरवण्याची पद्धत मांडली. नळीला बारीक छिद्र मुद्दाम ठेवतात, नाहीतर गालांच्या जोरावरच आकडा फुगतो. १९७६ मध्ये लीथ आणि ब्रॅडली यांनी पाच आठवड्यांच्या सरावाने निरोगी माणसांत ही ताकद वाढवून दाखवली. सुरुवातीला बारीक भोकाची साधने वापरात होती. त्यांत श्वास हळू ओढला की ओझे उतरते, आणि दमलेला माणूस नकळत तेच करतो. पुढे स्प्रिंगची झडप आली. ठरवलेला दाब गाठेपर्यंत ती उघडतच नाही.

खेळाडूंच्या अभ्यासांतून कमाल ताकदीच्या ५० टक्के ओझ्यावर ३० श्वास, दिवसातून दोनदा, हा शिरस्ता पडला. थकव्याच्या रुग्णानेही तोच धरला की गफलत होते.

महिनोन्‌महिने न सरणाऱ्या थकव्याच्या आजाराला ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ हे नाव १९८८ मध्ये अमेरिकेत ठरले. श्रमानंतर प्रकृती ढासळणे हे या आजाराचे अनिवार्य लक्षण आहे, असे २०१५ च्या अमेरिकी अहवालाने म्हटले. २०२१ मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. श्वासाचा व्यायाम हाही श्रमच. या आजारात तो गुणकारी ठरतो असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा आम्हाला दिसत नाही. दम लागतो आणि मोजलेली ताकदही कमी आहे, अशांनीच तो करून पाहावा, तोही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली.

म्हणून आधी मोजणी. दाब ६० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचे माप) इतका आला, तर झडपेच्या ओझ्याची सुरुवात त्याच्या २० टक्क्यांनी, म्हणजे १२ ने. पाठ टेकून बसावे, नाकाला चिमटा लावावा, खांदे सैल सोडावेत. ५ श्वास ओढावेत, प्रत्येकानंतर सावकाश उच्छ्वास, आणि तिथेच थांबावे. पुढचे ४८ तास वाट पाहावी, कारण ढासळणे अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. त्रास वाढला नाही तरच २ श्वास वाढवावेत. ओझ्याला हात त्यानंतर. बोटांना मुंग्या किंवा चक्कर आली, तर श्वास फार भराभर चालला आहे आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आहे. याच कारणाने जोरकस भस्त्रिका हा याला पर्याय नाही. पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधन तोंडाला लावू नये.

गोव्याच्या पावसात झडप ओली राहिली की तिला बुरशी धरते, ती चिकटते आणि ओझ्याचा आकडा खोटा ठरतो. वापर झाल्यावर कोमट साबणपाण्यात धुऊन, पाणी झटकून ती पंख्याखाली वाळवावी आणि पूर्ण सुकल्यावरच डब्यात ठेवावी.