स्टॅटिक राउट

स्टॅटिक राउट : अमुक पत्त्यांकडे निघालेले पॅकेट (जाळ्यावरून जाणारा माहितीचा तुकडा) अमुक गेटवेच्या, म्हणजे ते पुढे पोहोचवणाऱ्या राउटरच्या, हाती द्यावे, अशी प्रशासकाने स्वतः घातलेली नोंद. ती कर्नलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, राउटिंग टेबलात (वाटांच्या तक्त्यात) बसते. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, सोलारिस अशा सगळ्या युनिक्ससदृश प्रणालींवर तिचे काम एकाच तत्त्वाने चालते. ‘स्टॅटिक’ याचा अर्थ इतकाच, की शेजारच्या राउटरांशी बोलून कोणताही प्रोटोकॉल ती परस्पर बदलत नाही. ती कायमची असते असे समजून चालणारे पुष्कळ भेटतात. सर्व्हर रीबूट झाला की त्यांची फजिती होते.

शब्दाबद्दल थोडे. बसचा असतो तो ‘रूट’, आणि युनिक्समधल्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नावही ‘रूट’; देवनागरीत दोघांत फरक उरत नाही. म्हणून इथे वाटेला ‘राउट’ म्हटले आहे. राउट टाकण्याचा अधिकार अर्थात रूटकडे असतो. पुढे आलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकायच्या त्या रोमन लिपीतच.

एक सर्व्हर घेऊ. त्याला दोन इंटरफेस, म्हणजे जाळ्याला जोडणारी दोन टोके, आहेत. ‘ईटीएच०’ वर २०३.०.११३.१० हा सार्वजनिक पत्ता असून इंटरनेटकडे नेणारा गेटवे २०३.०.११३.१ आहे. ‘ईटीएच१’ वर १०.२०.१.५/२४ हा अंतर्गत पत्ता असून तिकडचा गेटवे १०.२०.१.१ आहे. (तिरप्या रेघेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत ते.) बॅकअप घेणारे यंत्र १०.२०.७.९ वर, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत जाळ्याच्या दुसऱ्या तुकड्यात बसले आहे. सर्व्हरला फक्त दोनच गोष्टी माहीत असतात: स्वतःला थेट जोडलेले पत्ते आणि डिफॉल्ट राउट, म्हणजे दुसरी कोणतीच नोंद लागू नसेल तेव्हाची वाट. १०.२०.७.९ थेट जोडलेला नाही, म्हणून त्याच्यासाठीचे पॅकेट डिफॉल्ट राउटने इंटरनेटच्या दिशेला निघते. १०.०.०.०/८ हा पट्टा फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट-दस्तऐवजाप्रमाणे खाजगी वापरासाठी राखलेला आहे, त्यामुळे बाहेर त्याला कोणी वाली नाही. उपाय एका ओळीचा: ‘आयपी राउट ॲड १०.२०.०.०/१६ व्हाया १०.२०.१.१ डेव्ह ईटीएच१’.

आता १०.२०.७.९ ला दोन नोंदी लागू पडतात, नवी /१६ ची आणि डिफॉल्ट म्हणजे ०.०.०.०/० ची. कर्नल जास्त लांबीचा प्रीफिक्स (पत्त्याचा जुळणारा सुरुवातीचा भाग) निवडतो, म्हणून /१६ जिंकते. १०.२०.१.८ साठी मात्र थेट जोडलेली /२४ ची नोंद त्याहून नेमकी असल्यामुळे गेटवेचा प्रश्नच येत नाही. टेबलातल्या ओळींच्या वरखाली क्रमाला इथे किंमत नाही. मेट्रिकचा, म्हणजे राउटच्या पसंतीचा, आकडाही प्रीफिक्स अगदी सारखे असतील तेव्हाच पाहिला जातो. तेव्हा लहान आकड्याला पसंती मिळते. नवशिक्या हमखास करतो ती चूक म्हणजे दुसऱ्या इंटरफेसलाही डिफॉल्ट गेटवे देऊन टाकणे. अंतर्गत जाळ्याला अंतर्गत पट्ट्याचाच राउट हवा.

गेटवे थेट पोहोचण्याजोगा का लागतो, हेही यातूनच कळते. पॅकेटवरचा अंतिम आयपी पत्ता गेटवेमुळे बदलत नाही. फक्त त्याभोवतीच्या इथरनेट फ्रेमवर (केबलवरून जाणाऱ्या वेष्टनावर) गेटवेचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, घातला जातो आणि तो एआरपी या प्रोटोकॉलने शेजारातच विचारून मिळवावा लागतो. दूरचा गेटवे दिला तर लिनक्स तो अवैध असल्याचे सांगून आज्ञा नाकारते. हीच नोंद दुसऱ्यांदा टाकली तर येणारा संदेश विनोदी आहे: ‘फाइल एक्झिस्ट्स’. फाइलचा इथे काहीही संबंध नसतो. ‘आधीच अस्तित्वात आहे’ या सर्वसाधारण त्रुटिक्रमांकाचा तो जुना ठरलेला मजकूर आहे.

‘राउट’ ही आज्ञा १९८३ च्या ४.२बीएसडीपासूनची. बीएसडी घराण्यात ती आजही नित्याची आहे: ‘राउट ॲड -नेट १०.२०.०.०/१६ १०.२०.१.१’. लिनक्सवर त्याच नावाची नेट-टूल्समधली आज्ञा होती, पण १९९९ च्या २.२ कर्नलपासून आयपीराउट२ संचातली ‘आयपी’ आली आणि हळूहळू तिनेच जागा घेतली. जुन्या आज्ञेला मुख्य टेबलापलीकडचे काही दिसत नाही, एवढे कारण तिला निरोप द्यायला पुरेसे आहे. शंका आली तर टेबल वाचत बसण्यापेक्षा ‘आयपी राउट गेट १०.२०.७.९’ असे कर्नललाच विचारावे. तो कोणत्या इंटरफेसने, कोणत्या गेटवेकडे आणि स्वतःचा कोणता पत्ता लावून पॅकेट पाठवेल ते सरळ सांगतो.

या आज्ञांनी घातलेला राउट स्मृतीत असतो. यंत्र बंद झाले की तो जातो, आणि लिनक्सवर आज्ञा देऊन इंटरफेस खाली केला तरी त्यावरचे आयपीव्ही४ राउट पुसले जातात. इंटरफेस पुन्हा वर आणल्यावर थेट जोडलेल्या पट्ट्याची नोंद परत येते, हाताने टाकलेली येत नाही. टिकवायचे तर तो कुठल्यातरी फाइलीत लिहावा लागतो आणि इथे प्रत्येक प्रणालीची तऱ्हा वेगळी. डेबियनच्या पारंपरिक पद्धतीत ‘इंटरफेसेस’ फाइलीत ‘अप’ ने सुरू होणारी ओळ घालतात. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन या जाळ्याची मांडणी लावणाऱ्या साधनाच्या यॅमल फाइलीत (हिची रचना समासावर ठरते) त्या त्या इंटरफेसखाली ‘राउट्स’ लिहितात. तिथे समासात टॅब पडला की फाइलच वाचली जात नाही. रेड हॅट घराण्यात पूर्वी ‘राउट-ईटीएच१’ अशा नावाची फाइल असे, आता नेटवर्कमॅनेजर ही सेवा ते सांभाळते. फ्रीबीएसडीत ‘आरसी.कॉन्फ’ मध्ये आधी राउटांच्या नावांची यादी आणि मग प्रत्येक नावाचा तपशील येतो. ओपनबीएसडीत इंटरफेसच्या फाइलीतच उद्गारचिन्हापुढे राउटची आज्ञा लिहितात. सगळ्यांत सुटसुटीत सोलारिस: आज्ञेला ‘-पी’ जोडले की राउट आत्ताही लागतो आणि पुढेही राहतो.

राउटबद्दल सर्वाधिक गैरसमज परतीच्या वाटेचा आहे. राउट एकाच दिशेचा असतो. सर्व्हरने बॅकअप यंत्राची वाट शिकली, तरी तिकडच्या राउटरांना १०.२०.१.० कडची वाट ठाऊक नसेल तर उत्तर परतणार नाही. दोष इकडचा नसतो, पण तासन्‌तास इकडेच शोधला जातो. उलट प्रकारही होतो. वरचा राउट टाकल्यावर १०.२०.७.९ ने संस्थेच्या फायरवॉलमधून (ये-जा तपासणाऱ्या पहारेकऱ्यामधून) सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यावर जोडणी मागितली, तर मागणी ‘ईटीएच०’ वर येते आणि उत्तर नव्या राउटने ‘ईटीएच१’ मधून निघते. फायरवॉलला अर्धाच संवाद दिसतो आणि तो जोडणी तोडतो. लिनक्सची ‘आरपी_फिल्टर’ ही, पॅकेट आले त्याच इंटरफेसने त्याच्या उगमाकडे परत जाता येते का हे पाहणारी, तपासणी कडक, म्हणजे १ वर असेल, तर आलेली मागणीच कर्नल टाकून देतो. मार्शियन, म्हणजे तिथे येणे अशक्य वाटणाऱ्या पत्त्यांच्या, पॅकेटांची नोंद चालू केलेली नसेल तर काही कळवतही नाही. पिंग (यंत्र उत्तर देते का ही चाचणी) चालते आणि सेवा चालत नाही, अशा तक्रारीत हे आधी पाहावे. यावर लिनक्समध्ये ‘आयपी रूल’ वापरून उगम-पत्त्यानुसार वेगळे टेबल नेमता येते: २०३.०.११३.१० वरून निघणारे उत्तर सार्वजनिक गेटवेकडेच जावे, असे.

गेटवेपलीकडची केबल तुटली तरी स्टॅटिक राउटला त्याचा पत्ता नसतो. तो पॅकेट त्याच दिशेला ढकलत राहतो. अनेक वाटा आणि अनेक राउटर असलेल्या जाळ्यात म्हणूनच राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याचे ओएसपीएफ किंवा बीजीपी हे प्रोटोकॉल लागतात. एकच गेटवे असलेल्या सर्व्हरला त्यांची जोखीम कशाला घ्यावी?

एसएसएचवरून, म्हणजे जाळ्यावरूनच लॉगिन करून, दूरच्या सर्व्हरचा डिफॉल्ट राउट बदलताना हात आखडता ठेवावा लागतो, कारण चुकला तर जोडणीच तुटते. नेटप्लॅनची ‘ट्राय’ आज्ञा १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर जुनी मांडणी परत लावते. इतर लिनक्स प्रणालींवर जुनेजाणते राउटच्या विसराळूपणाचाच उपयोग करून घेतात: फाइलीला हात न लावता आधी ‘शटडाउन -आर +५’ देतात, मग राउट टाकतात. जोडणी टिकली तर ‘शटडाउन -सी’ ने रीबूट रद्द. तुटली तर पाच मिनिटांनी सर्व्हर जुन्या वाटेवर परत उभा राहतो.