नर्स प्रॅक्टिशनरचं बिलिंग आणि कोडिंग (अमेरिका)

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, तिकडे सगळे नुसतं एनपीच म्हणतात, म्हणजे नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा डॉक्टरेट करून स्वतः पेशंट तपासणारी, निदान करणारी, औषध लिहून देणारी नर्स. सुरुवात १९६५ ची, कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला कोर्स काढला. पण पेशंट तपासला की पैसे हातात पडले असं तिकडे नसतं, काय झालंय आणि काय केलं हे ठरलेल्या कोडमध्ये लिहून इन्शुरन्सकडे पाठवावं लागतं. ते कोड निवडणं म्हणजे कोडिंग, आणि क्लेम बनवून पाठवणं, नाकारला तर मागे लागून पैसे सोडवून आणणं म्हणजे बिलिंग.

कोड मुख्यतः दोन तऱ्हेचे. आजार सांगणारे आयसीडी-१०-सीएम, जे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले आणि दर ऑक्टोबरला बदलतात, आणि केलेलं काम सांगणारे पाच आकडी सीपीटी, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते आणि दर जानेवारीला नवे येतात. दोघांची जोडी जुळली पाहिजे, म्हणजे कानातला मळ काढल्याचा कोड लावला आणि आजार नुसता ब्लड प्रेशर दाखवला तर क्लेम परत येणारच.

मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांच्या सरकारी विम्याला, एनपी कुठेही काम करत असली तरी स्वतःच्या नावाने बिल लावू शकते हे १ जानेवारी १९९८ पासून, १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट अ‍ॅक्टमुळे. दर मात्र डॉक्टरच्या ८५ टक्के. डॉक्टरला १०० डॉलर मंजूर असतील तिथे एनपीला ८५, त्यातले ६८ मेडिकेअर देतं आणि १७ पेशंटच्या वाट्याला (वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू व्हायच्या आधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम, भरून झालेलं असेल तर). प्रायव्हेट कंपन्यांचे नियम ज्याचे त्याचे वेगळे.

त्याआधी कागदपत्रं. दहा आकडी एनपीआय नंबर, म्हणजे बिलावर कुणी तपासलं ते सांगणारा ओळख क्रमांक, लगेच मिळतो, पण प्रत्येक विमा कंपनीकडे क्रेडेन्शियलिंग, म्हणजे डिग्री-लायसन्स तपासून यादीत नाव घालणं, व्हायला महिने जातात, आणि मेडिकेअर अर्ज पोचल्याच्या फार तर ३० दिवस मागचं काम धरतं. म्हणून नोकरी पक्की झाली की पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकायला हवा, कारण मधल्या काळातले पेशंट "तोवर डॉक्टरच्या नंबरवर टाकू" असं म्हणून ढकलले जातात आणि तिथेच गडबड होते.

डॉक्टरच्या नंबरवर बिल लावायचा कायदेशीर मार्ग आहे, त्याला "इन्सिडेंट टू" म्हणतात आणि त्यात पूर्ण १०० टक्के मिळतात, पण अटी कडक आहेत. पेशंट जुना हवा, त्या आजाराची ट्रीटमेंट डॉक्टरने स्वतः ठरवलेली हवी, तपासणी हॉस्पिटलात नाही तर क्लिनिकमध्ये झालेली हवी, आणि त्या वेळी डॉक्टर त्याच ऑफिसात हजर हवा (कोविडच्या काळापासून लाइव्ह व्हिडिओवरची हजेरीही धरायला लागले). आता समजा बीपीच्या फॉलोअपला आलेल्या आजी उठता उठता म्हणाल्या की गुडघा सुजलाय, आणि एनपीने तो तपासून औषध दिलं, तर हा नवीन प्रॉब्लेम झाला, आता ते बिल एनपीच्याच नंबरवर, ८५ टक्क्यांनी जायला हवं. हे माहीत नसतं म्हणून नवीन मुली अडकतात. मालक म्हणतो तसं चालू द्यावं वाटतं, पण नोटवर सही एनपीची असते, आणि फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट, जो १८६३ चा लिंकनच्या काळातला कायदा आहे, त्यात जाणूनबुजून खोटा क्लेम ठरला तर नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि वर प्रत्येक क्लेमचा दंड.

रोजचं काम मात्र ऑफिस व्हिजिटच्या कोडचं. नवीन पेशंटला ९९२०२ ते ९९२०५, जुन्याला ९९२११ ते ९९२१५, आणि नवीन म्हणजे त्याच ग्रुपमधल्या त्याच स्पेशालिटीच्या कुणीही तीन वर्षांत न पाहिलेला. २०२१ पासून हे खूप सोपं झालं, शरीराच्या किती सिस्टिम तपासल्या ते मोजणं गेलं, आता कोडची लेव्हल ठरते एकतर त्या दिवशी दिलेल्या एकूण वेळेवर (९९२१३ ला २० मिनिटं, ९९२१४ ला ३०) नाहीतर निर्णय किती अवघड होता यावर. त्यात तीन गोष्टी बघतात, आजार कसले, रिपोर्ट वगैरे किती बघितले, आणि धोका किती, तीनपैकी दोन जुळल्या की झालं.

एक उदाहरण. पेशंटला डायबेटिस आणि बीपी, दोन्ही आटोक्यात, एनपीने रिपोर्ट बघून तीच औषधं विचार करून चालू ठेवली. दोन जुने आजार म्हणजे मध्यम, प्रिस्क्रिप्शनची औषधं सांभाळणं म्हणजे धोकाही मध्यम, झालं की ९९२१४. तरी नवीन एनपी भीतीपोटी ९९२१३ लावते, कारण वाटतं की जास्त लावलं तर ऑडिट येईल. प्रत्येक कोडच्या कामाला मेडिकेअरने युनिटमध्ये मोल ठरवलेलं असतं, ९९२१३ ला १.३० युनिट आणि ९९२१४ ला १.९२, आणि बऱ्याच ठिकाणी बोनस या युनिटवर असतो. वाढवून लावणं चूक तसंच घाबरून कमी लावणंही चूकच, आणि मला तर याचं जास्त वाईट वाटतं कारण काम पूर्ण केलेलं असतं.

त्याच व्हिजिटला छोटी प्रोसिजरही केली, तर तपासणीच्या कोडला मॉडिफायर २५, म्हणजे तपासणी वेगळी झाली हे सांगणारा जोड-आकडा, लागतो, पण तपासणी खरंच वेगळी झाली आणि तसं लिहिलं असेल तरच. मागची नोट कॉपी-पेस्ट करायची सवय तर पहिल्या दिवसापासून टाळावी, ऑडिटरला ती लगेच दिसते.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पण स्वतःच्या नंबरवर बिल लावणं हा प्रकार इथे नाही. तरी पुण्या-मुंबईत हा विषय बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट इथे कोड होतात, कित्येक बीफार्म, फिजिओ, लाइफ सायन्सवाली मुलं सीपीसीची (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) परीक्षा देऊन यात आलीत, आणि क्लेमच्या मागे लागणारे एआर कॉलर रात्रपाळीत तिकडच्या विमा कंपन्यांना फोन लावतात.

कोडर अंदाज करू शकत नाही, हे एनपीने लक्षात ठेवायचं. "न्यूमोनिया असावा" लिहिलं तर ओपीडीतल्या पेशंटला न्यूमोनियाचा कोड लागतच नाही, फक्त खोकल्याचा आर०५ मधला लागतो. किंवा नोटमध्ये "डायबेटिस अनकंट्रोल्ड", बाजूला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) ८.९. साखर वाढलेली की घसरलेली ते शब्दात नाही, आणि लॅबच्या आकड्यावरून कोडरने निदान ठरवायचं नसतं, मग ई११.६५ (साखर वाढलेला टाइप २ डायबेटिस) लावता येत नाही आणि क्वेरी, म्हणजे एनपीला खुलासा विचारणारा प्रश्न, निघते. एनपीने जुनं वाक्य तसंच ठेवून खाली आजच्या तारखेचं अ‍ॅडेंडम, म्हणजे पुरवणी नोंद, टाकायचं, "टाइप २, साखर वाढलेली", सही करायची, की तोच चार्ट पुढच्या पाळीत क्लेम होऊन जातो.