बोनस आर्मी

पहिल्या महायुद्धात लढून आलेले अमेरिकन सैनिक १९३२ च्या उन्हाळ्यात सरकारने कबूल केलेले पैसे मागायला राजधानी वॉशिंग्टनला गेले आणि तिथेच मुक्काम ठोकून बसले, त्या मोर्चाला बोनस आर्मी म्हणतात. माजी सैनिक साधारण १७ हजार, आणि त्यांची बायकापोरं, बाकीचे पाठीराखे धरले तर आकडा ४० हजारांच्या वर सांगितला जातो. शेवटी त्यांच्याच देशाच्या लष्कराने त्यांना रणगाडे आणि अश्रुधूर आणून हाकलून लावलं. महायुद्धातल्या अमेरिकेबद्दल वाचताना प्रेसिडेंट विल्सन आणि व्हर्सायचा तह यावर पानंच्या पानं सापडतात, पण जो माणूस खंदकात उभा होता त्याचं घरी आल्यावर काय झालं ते इथे कळतं, म्हणून मला ही घटना तहाइतकीच महत्त्वाची वाटते.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ ला युद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, त्यात जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनची गुप्त तार बाहेर आली, तिच्यात जर्मनीने मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवून द्यायचं आमिष दाखवलं होतं, मग लोकमत फिरलं. सक्तीची भरती झाली, ४० लाखांवर लोक फौजेत आले आणि त्यातले २० लाखांच्या आसपास समुद्रापार फ्रान्सला गेले. १ लाख १६ हजार परत आले नाहीत, त्यातही निम्म्याहून जास्त आजाराने गेले, मुख्य म्हणजे फ्लूने.

साध्या शिपायाला पगार महिना ३० डॉलर, त्यातूनच विमा आणि घरी पाठवायचे पैसे कापले जायचे. त्याच काळात गावाकडे राहिलेला माणूस युद्धसामानाच्या कारखान्यात याच्या कितीतरी पट कमवत होता. फौजेतून सुटका झाली तेव्हा हातात ६० डॉलर आणि घरचं तिकीट, बस. त्यामुळे बुडालेल्या कमाईची भरपाई द्या ही मागणी लगेचच सुरू झाली आणि १९२४ मध्ये प्रेसिडेंट कूलिज यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, कायदा केला. देशात केलेल्या नोकरीच्या दर दिवसाला १ डॉलर, परदेशातल्या दिवसाला सव्वा डॉलर असा हिशोब ठरला. पण अगदी छोट्या रकमा सोडल्या तर रोख मिळणार नव्हतं, सर्टिफिकेट मिळणार होतं, आणि ते वटणार १९४५ मध्ये, नाहीतर माणूस मेल्यावर त्याच्या वारसांना. लोक त्याला थडग्याचा बोनस म्हणायला लागले.

१९२९ नंतर मंदी आली, काम गेलं, घरं गेली, आणि खिशात मात्र सरकारी सहीचा कागद ज्याच्यावर आपलं नाव आणि रक्कम लिहिलेली. टेक्सासचे खासदार राइट पॅटमन, जे स्वतः माजी सैनिक होते, त्यांनी पूर्ण रक्कम आत्ताच द्या असं बिल आणलं. त्याला पाठिंबा म्हणून मे १९३२ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडहून वॉल्टर वॉटर्स नावाचा बेकार झालेला सार्जंट तीनशेच्या आसपास माणसं घेऊन मालगाडीच्या डब्यांत बसून निघाला, ही बातमी पेपरात आली तशी देशभरातून टोळ्या निघाल्या.

सगळ्यात मोठी छावणी ॲनाकोस्टिया नदीच्या पलीकडच्या दलदलीच्या मैदानावर पडली. जवळच्या कचरा डेपोतून पत्रे, लाकडं, खोकी आणून झोपड्या उभारल्या, पण त्याही सैनिकी शिस्तीत, रांगेत, संडासाचे चर खणलेले, रोज हजेरी, दारूला बंदी. आणि जी गोष्ट मला फार मोठी वाटते ती ही की काळे आणि गोरे सैनिक इथे शेजारी शेजारी राहत होते, एकाच रांगेत जेवत होते, जेव्हा अमेरिकन लष्करात दोघांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि तशाच पुढे दुसऱ्या महायुद्धातही राहिल्या. वॉशिंग्टनचे पोलीस प्रमुख पेलहॅम ग्लासफर्ड, तेही फ्रान्समध्ये लढलेले, त्यांनी या लोकांना माणसासारखं वागवलं, खाण्यापिण्याची सोय बघितली, स्वतःचे पैसेसुद्धा घातले.

१५ जूनला बिल खालच्या सभागृहात पास झालं, १७ जूनला सिनेटने ६२ विरुद्ध १८ मतांनी पाडलं. बाहेर हजारो सैनिक वाट बघत उभे होते, त्यांनी देशभक्तीचं गाणं म्हटलं आणि छावणीत परत गेले, दंगा नाही काही नाही. प्रेसिडेंट हूवर यांचं म्हणणं होतं की दोन अब्जांहून जास्त डॉलर एकदम आणायचे कुठून, आणि कायद्यानेही देणं १९४५ चं होतं, हा मुद्दा अगदी पोकळ नव्हता. पण त्यांनी आंदोलकांच्या नेत्यांना भेटसुद्धा दिली नाही, ते मला पटत नाही.

२८ जुलैला पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरच्या रिकाम्या सरकारी इमारतींतून लोकांना काढताना पोलिसांची गोळी चालली आणि दोघं गेले, विल्यम हश्का आणि एरिक कार्लसन. हश्का लिथुआनियातून आलेला, १९१७ मध्ये सेंट लुईसमधलं मटणाचं दुकान विकून फौजेत गेला होता. त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरलं. हूवरनी लष्कर बोलावलं. लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर जातीने हजर, सोबत मेजर आयझेनहॉवर, घोडदळात मेजर पॅटन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली तीन मोठी नावं इथे निःशस्त्र माजी सैनिकांसमोर उभी होती. नदी ओलांडू नका असा हूवरचा निरोप होता, मॅकआर्थरनी पूल ओलांडला आणि रात्री छावणी पेटली. बाहेर काढलेल्यांत जो अँजेलो होता, ज्याने १९१८ मध्ये जखमी पॅटनचा जीव वाचवून शौर्यपदक मिळवलं होतं. पॅटननी त्याला ओळख दिली नाही.

ही दृश्यं थिएटरमधल्या न्यूजरीलमध्ये देशाने पाहिली. नोव्हेंबरातल्या निवडणुकीत हूवर हरले, कारण मुख्यतः मंदी, पण या आगीचाही वाटा होता. नवे प्रेसिडेंट रुझवेल्ट यांनीही बोनसला विरोधच केला, फक्त १९३३ मध्ये वॉशिंग्टनला परत आलेल्या सैनिकांना जेवण, तंबू आणि सरकारी कामं दिली, त्यांच्या पत्नी एलेनॉर रुझवेल्ट स्वतः छावणीत जाऊन आल्या. त्यातलेच काहीजण फ्लोरिडा कीज बेटांवर रस्त्याच्या कामावर होते, २ सप्टेंबर १९३५ च्या चक्रीवादळात अडीचशेच्या वर माजी सैनिक मेले, त्यांना न्यायला पाठवलेली रेल्वे उशिरा पोचली आणि लाटेत रुळावरून वाहून गेली. शेवटी जानेवारी १९३६ मध्ये काँग्रेसने रुझवेल्टचाही नकाराधिकार डावलला आणि पैसे नऊ वर्षं आधी मिळाले.

पुढच्या महायुद्धात असं परत घडू नये ही भीती सगळ्यांच्याच मनात होती, आणि २२ जून १९४४ ला, युद्ध चालू असतानाच, जीआय बिल, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांसाठीचा कायदा, आलं: कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, घरासाठी कर्जाची हमी, काम मिळेपर्यंत जास्तीत जास्त ५२ आठवडे, दर आठवड्याला २० डॉलर. २२ लाख लोक त्यावर कॉलेजात गेले. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या आणि स्थानिक बँकांच्या हातात राहिली, त्यामुळे दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना घराचं कर्ज जवळपास मिळालंच नाही.