टीव्हीवर गायलं, तबकडीवर आलंच नाही

२८ मार्च १९७१ च्या रविवारी अमेरिकेतल्या सीबीएस या टीव्ही नेटवर्कवर ‘द एड सुलिवन शो’चा शेवटचा नवा भाग लागला. तीनच दिवसांनी, बुधवारी, एबीसी या दुसऱ्या नेटवर्कवरचा, गायक जॉनी कॅशचा ‘द जॉनी कॅश शो’ संपला. पहिला १९४८ पासून चालू होता, दुसऱ्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. जाहिरातदारांना आता शहरातला तरुण प्रेक्षक हवा होता आणि हे कार्यक्रम बघणारा वर्ग बराचसा वयस्क, नाहीतर गावाकडचा. त्यातच संध्याकाळचा अर्धा तास नेटवर्ककडून काढून स्थानिक केंद्रांना देण्याचा सरकारी नियम त्या शरद ऋतूपासून लागू होणार होता. गाणं, विनोद, नाच, कसरती असं सगळं एका तासात बसवणारे व्हरायटी शो एकेक करून गळू लागले.

मागे राहिल्या त्या टेपा. त्यांत अशी गाणी होती, जी त्या गायकाने स्टुडिओत कधी गायलीच नाहीत किंवा त्या जोडीदारासोबत पुन्हा कधी गायली नाहीत. आज कुणी ‘अप्रकाशित सादरीकरणांचा संच’ काढतो, तेव्हा सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या टेपांतच असते.

मुळात टेप उरणं हेच नशीब. सुरुवातीच्या काळात कार्यक्रम थेट जायचा आणि नोंद ठेवायची तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र टिपायचं. याला किनेस्कोप म्हणत. चित्र धूसर यायचं, पण निदान काहीतरी राहायचं. १९५६ साली अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंद टेपवर चित्र मुद्रित करणारं यंत्र आणलं. दर्जा एकदम सुधारला, मात्र तासाभराच्या टेपला तीनशे डॉलरच्या घरात खर्च यायचा आणि तीच टेप पुसून पुन्हा वापरता यायची. मग हिशेब सांभाळणाऱ्यांनी काय केलं असेल, ते सांगायला नको. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ची न्यूयॉर्कमधली पहिली दहा वर्षं बहुतांशी अशीच पुसली गेली. ड्यूमाँट या बंद पडलेल्या नेटवर्कची कथा तर याहून वाईट. तिथली रिळं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत ढकलली गेली, अशी साक्ष अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत दिली.

त्या मानाने जॉनी कॅशचा कार्यक्रम सुदैवी. ७ जून १९६९ ला तो सुरू झाला आणि एकूण ५८ भाग झाले. चित्रीकरण नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायचं. ही १८९२ सालची, मूळ प्रार्थनेसाठी बांधलेली वास्तू. प्रेक्षक चर्चसारख्या लांब लाकडी बाकांवर बसत. त्या काळी ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीताचा गाजलेला रेडिओ कार्यक्रमही इथूनच होत असे. कॅशने या मंचावर कंट्रीवाल्यांच्या शेजारी लोकसंगीत, जॅझ, रॉक असे सगळे आणून बसवले. पहिल्याच भागात बॉब डिलन आणि जोनी मिचेल. टीव्हीला टाळणारा डिलन कॅशच्या शब्दाखातर आला, ‘आय थ्रू इट ऑल अवे’ आणि ‘लिव्हिंग द ब्लूज’ गायला आणि मग दोघांनी मिळून ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ म्हटलं.

माझ्या मते या कार्यक्रमाचं सर्वांत मोलाचं गाणं मात्र डिलनचं नाही, लुई आर्मस्ट्राँगचं आहे. जुलै १९३० मध्ये जिमी रॉजर्स या कंट्री गायकाने ‘ब्लू योडल नंबर ९’ मुद्रित केलं, तेव्हा ट्रम्पेट वाजवलं होतं आर्मस्ट्राँगने आणि पियानो त्याची पत्नी लिल हिने. तबकडीवर दोघांचंही नाव नव्हतं. चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर १९७० मध्ये, कॅशने त्याला रायमनच्या मंचावर बोलावलं, ही हकिकत प्रेक्षकांना सांगितली आणि तेच गाणं दोघांनी सादर केलं. पुढच्या जुलैत आर्मस्ट्राँग गेला. या सादरीकरणाला पर्यायी मुद्रण नाही. जे आहे ते त्या एका टेपवर.

फेब्रुवारी १९७१ मध्ये नील यंग आला आणि ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ गायला. हे गाणं ज्या ‘हार्वेस्ट’मध्ये आहे तो अल्बम बाजारात यायला अजून वर्ष होतं. त्याच वेळी जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट कार्यक्रमासाठी गावात होते. ते दोघे यंगबरोबर नॅशव्हिलच्याच एका स्टुडिओत गेले आणि त्याच अल्बममधल्या ‘हार्ट ऑफ गोल्ड’च्या मागे त्यांचे आवाज लागले.

मग हे सगळं तेव्हाच का नाही आलं? एक तबकडी आली होती, १९७० मध्येच. कोलंबिया या तबकडी कंपनीने ‘द जॉनी कॅश शो’ याच नावाने ती काढली. तिच्यातलं ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ रायमनमध्येच मुद्रित झालेलं. क्रिस क्रिस्टोफरसनच्या या गाण्यातला नशेचा उल्लेख बदलावा, असा नेटवर्कचा आग्रह होता. कॅशने तो न जुमानता मूळ ओळ गायली आणि गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण या तबकडीत पाहुणा एकही नाही. कारण साधं आहे. पाहुणे वेगवेगळ्या कंपन्यांशी बांधलेले होते आणि टीव्हीवर गाण्याची मुभा म्हणजे तबकडीवर येण्याची मुभा नव्हे. त्यावर गीतप्रकाशकाची संमती वेगळी, वादकांच्या संघटनेचं मानधन वेगळं, कार्यक्रमाच्या मालकाचा हक्क वेगळा. घरोघरी व्हिडिओ यंत्र यायला अजून काही वर्षं होती, तेव्हा टेप विकण्याचं कलम करारात घालायचं कुणाच्या डोक्यात येणार?

म्हणून अधिकृत संच यायला २००७ उजाडलं. दोन डीव्हीडी, ६६ सादरीकरणं. ५८ तासाभराच्या भागांतून ६६, म्हणजे भागामागे एखादंच गाणं. असा संच हाती आला की लोक त्याला ‘सर्वोत्तम’ समजून ऐकतात. मी त्याला ‘परवानगी मिळालेलं’ म्हणेन. बाकीचं हळूहळू, वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलं. एरिक क्लॅप्टनच्या डेरेक अँड द डॉमिनोजने १९७० च्या नोव्हेंबरात रायमनमध्ये वाजवलेली चार गाणी २०११ मध्ये ‘लैला’ अल्बमच्या चाळिशीनिमित्तच्या आवृत्तीत आली; त्यांतल्या एकात कॅश आणि कार्ल पर्किन्स आहेत. डिलनच्या वाट्याची तिन्ही गाणी २०१९ मध्ये त्याच्या अप्रकाशित मुद्रणांच्या ‘बूटलेग’ मालिकेच्या पंधराव्या भागात एकत्र मिळाली. डिलन आणि कॅश दोघेही कोलंबियाचेच, तरी पन्नास वर्षं लागली.

काही गाणी तर मुद्रित होऊनही पडद्यावर गेली नाहीत. सीबीएसच्या ‘स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर’मध्ये १९६७ साली लोकगायक पीट सीगर व्हिएतनाम युद्धावर बोट ठेवणारं गाणं गायला, नेटवर्कने ते कापलं; पुढच्या फेब्रुवारीत त्याला पुन्हा बोलावून गाऊ दिलं. १९६८ मध्ये शिकागोतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेरच्या दंगलीची दृश्यं मागे ठेवून हॅरी बेलाफॉन्टे गायला. तो तुकडाही गेला.

सुलिवनच्या टेपांचं वेगळं झालं. निर्माते अँड्र्यू सॉल्ट यांनी १९९० मध्ये सुलिवन कुटुंबाकडून सगळा संग्रहच विकत घेतला. एल्विस, बीटल्स, मोटाउन या तबकडी कंपनीचे गायक, सगळे एका मालकाच्या कपाटात. गायकांची आणि प्रकाशकांची संमती तरीही लागतेच, पण निदान कुणाच्या दारात उभं राहायचं हे तरी ठरलेलं असतं. गाणी सुटी करून विकायची ही तिथली रीत. व्यवहार म्हणून ठीक आहे, पण दोन गाण्यांमधला तो ताटल्या फिरवणारा कसरतपटू त्यात हरवतो आणि व्हरायटी शोचा निम्मा जीव त्याच्यात होता, असं मला वाटतं.

हक्क सुटले की टेपेशी गाठ पडते. दोन इंची टेप वाचणाऱ्या यंत्रात चार हेड (टेपवरचं चित्र वाचणारे भाग) बसवलेलं चाक मिनिटाला १४,४०० फेरे घेतं. टेपवरचा लेप सुटत असेल तर हेड तुंबतं, चित्र फाटतं, यंत्र थांबवून साफ करावं लागतं. अशी चालू यंत्रं आणि ती हाताळणारी माणसं, दोन्ही थोडीच उरली आहेत. आवाज टेपच्या कडेला एकाच अरुंद पट्टीत, मोनो. गायक, वाद्यवृंद, टाळ्या सगळं एकत्र मिसळलेलं, त्यामुळे दबलेलं गिटार वर उचलायची सोय नाही. त्यात सूत्रधार पहिल्या सुरावर बोलतो, शेवटचा सूर विरायच्या आत टाळ्या पडतात नाहीतर जाहिरात येते. गाणं कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं हे संकलकाने ठरवायचं आणि दर वेळी काहीतरी कापायचं. कॅश ती आर्मस्ट्राँगची हकिकत सांगतो तो भाग ठेवायचा की नाही, असा प्रश्न कुणी मला विचारला, तर गाण्यातलं एक कडवं गेलं तरी चालेल, पण हकिकत राहू द्या.