वर्डप्रेसमधील जुन्या आवृत्त्यांची सफाई

वर्डप्रेस या आशय व्यवस्थापन प्रणालीत लेख किंवा पान बदलून जतन केले की त्या मजकुराची एक प्रत डेटाबेसमध्ये राहते. तिला आवृत्ती किंवा बोलण्यात ‘रिव्हिजन’ म्हणतात, आणि साचलेल्या प्रती काढून टाकणे हे संकेतस्थळाच्या देखभालीतील एक नेहमीचे काम आहे. प्रती जपण्याची ही सोय २००८ साली वर्डप्रेस २.६ पासून मिळाली. चुकून खोडलेला परिच्छेद परत आणता यावा, कोणी काय बदलले ते पाहता यावे, हा तिचा हेतू.

आवृत्ती म्हणजे केवळ झालेला बदल नव्हे, तर शीर्षक, मजकूर आणि सारांश यांची संपूर्ण प्रत असते. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा लेख पुन्हा साठवला जातो. या प्रती मूळ लेखांच्याच तक्त्यात, फक्त ‘रिव्हिजन’ या प्रकाराची वेगळी ओळ म्हणून बसतात. संपादकाने स्वतः जतन न करता होणारे ‘ऑटोसेव्ह’ मात्र प्रत्येक लेखासाठी प्रत्येक वापरकर्त्याचे एकच असते आणि तेच पुन्हा पुन्हा लिहिले जाते, त्यामुळे फुगवट्याचा दोष त्याला देता येत नाही. मराठी संकेतस्थळांवर हा भार अधिक जाणवतो, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट घेते. दहा हजार चिन्हांचा लेख जवळपास तीस किलोबाइटचा होतो आणि त्याच्या चाळीस आवृत्त्या एक मेगाबाइट ओलांडतात.

मुळात वर्डप्रेस आवृत्त्यांच्या संख्येवर मर्यादा घालत नाही. ती ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाइलमध्ये ‘डब्ल्यूपी_पोस्ट_रिव्हिजन्स’ या स्थिरांकाने, म्हणजे एका ठरावीक नावाला दिलेल्या मूल्याने, घालता येते. तिथे पाच लिहिल्यास प्रत्येक लेखाच्या शेवटच्या पाच आवृत्त्या राहतात, शून्य लिहिल्यास ऑटोसेव्ह वगळता एकही राहत नाही. पण मर्यादा घातल्याक्षणी जुना साठा नाहीसा होत नाही. एखादा लेख पुन्हा बदलून जतन केला की त्या लेखापुरती छाटणी होते. ज्या लेखांना वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही, त्यांच्या प्रती प्लगइनने (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रामने) किंवा ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ या आदेशसाधनाने वेगळ्या काढाव्या लागतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील थेट आज्ञेने ओळी उडवणे झटपट होते, परंतु त्या आवृत्त्यांशी जोडलेल्या मेटा नोंदी, म्हणजे पूरक माहितीच्या नोंदी, निराधार मागे राहू शकतात, म्हणून प्रणालीच्या स्वतःच्या फंक्शनवाटे केलेली सफाई अधिक भरवशाची. सफाईपूर्वी बॅकअप घेणे अपरिहार्य आहे, कारण पुसलेली आवृत्ती कचरापेटीत जात नाही. इनोडीबी या डेटाबेसच्या साठवण-यंत्रणेतील तक्त्यातल्या ओळी पुसल्यानंतरही डिस्कवरील जागा लगेच मोकळी होत नाही. त्यासाठी तक्ता ‘ऑप्टिमाइझ’ करावा, म्हणजे नव्याने आटोपशीर मांडून घ्यावा लागतो.

सफाईने संकेतस्थळ वेगवान होते, हा दावा सरसकट खरा मानू नये. वाचकाला दिसणारी पाने प्रकार आणि स्थिती यांनुसार अनुक्रमित (इंडेक्सच्या आधारे होणाऱ्या) शोधातून येतात व त्यात आवृत्त्या सहसा आड येत नाहीत. खरा लाभ बॅकअपचा आकार, स्थलांतराचा वेळ आणि होस्टिंगवरील जागा यांत होतो.

हा न्याय सर्वच प्रणालींना लागू नाही. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तिथे लेखाचा इतिहास हीच लेखकांच्या श्रेयाची नोंद असते आणि मुक्त परवान्यातील श्रेय देण्याची अट तिच्यावरच टिकून असते, त्यामुळे तेथे जागा वाचवण्यासाठी जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत.